पोहण्याचा जमाखर्च

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पोहण्याच्या तलावांवर पालकांच्या रांगा लागतात. मूल पोहायला शिकावं हा हेतू असतोच, पण त्याच्या जोडीला आणखी एक हेतू ऐकू येतो, 'तेवढंच जरा वजनही उतरेल.' मग हा प्रश्न फिरत फिरत शाळेत येतो आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना विचारला जातो. पोहण्यानं वजन कमी होतं का?

याची दोन उत्तरं प्रचलित आहेत. पहिलं असं, की पोहण्यासारखा दुसरा व्यायाम नाही. सगळं अंग हलतं, तासाला इतक्या इतक्या कॅलरी जळतात, तेव्हा वजन उतरणारच. दुसरं उत्तर नेमकं उलटं आहे. थंड पाण्यात ऊब राखण्यासाठी शरीर चरबी धरून ठेवतं, त्यामुळे पोहून चरबी जात नाही. सील बघा, देवमासा बघा! गंमत अशी की दोन्ही बाजूंचे लोक विज्ञानाचाच हवाला देतात, आणि दोघांच्याही हाताशी खरी मोजमापं आहेत. ही मोजमापं कुणी, कधी आणि कशासाठी केली हे पाहिलं की त्यांचं भांडण बरंचसं उलगडतं. त्यासाठी आपल्याला सव्वादोनशे वर्षांहून अधिक मागे, पॅरिसला जावं लागेल.

सेगँचा श्वास

आंत्वान लाव्हाझिए हे नाव रसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हे त्यानं दाखवलं. पण त्याच्या डोक्यात त्याच वेळी दुसरा एक प्रश्न होता. प्राण्याचं श्वसन हेही एक प्रकारचं मंद ज्वलनच नाही का? १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यानं आणि लाप्लासनं बर्फाच्या कॅलरीमापीत गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वासातून जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, तितकाच कोळसा जाळून मिळणारी उष्णता आणि प्राण्याची उष्णता साधारण जुळत होती.

त्यानंतर गिनीपिगच्या जागी माणूस आला. हा माणूस म्हणजे लाव्हाझिएचा तरुण सहकारी आर्मां सेगँ. १७८९-९० च्या सुमारास, बाहेर राज्यक्रांती पेटलेली असताना, सेगँ तोंडावर मुखवटा चढवून बसायचा आणि तो किती ऑक्सिजन वापरतो ते मोजलं जायचं. माडाम लाव्हाझिए टेबलाशी बसून नोंदी घेत असत. या प्रयोगाची त्यांनी काढलेली चित्रं आजही पाहायला मिळतात.

आकडे असे होते. उबदार खोलीत, उपाशीपोटी, स्वस्थ बसलेला सेगँ तासाला सुमारे २४ लिटर ऑक्सिजन वापरत असे. खोली थंड केली की सुमारे २७ लिटर. जेवणानंतर सुमारे ३८. पायानं वजन उचलण्याचं काम दिलं की आकडा ६० च्या पुढे जाई, आणि जेवून काम केलं तर ९० च्याही पुढे.

थंडी, जेवण आणि श्रम. शरीराचा खर्च वाढवणाऱ्या या तीन गोष्टी लाव्हाझिएनं एकाच प्रयोगमालिकेत वेगळ्या काढून दाखवल्या. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं हे विलक्षण आहे, कारण पोहणाऱ्या माणसाच्या बाबतीत या तीनही गोष्टी एकदम घडत असतात. तो श्रम करतो, थंड पाण्यात असतो आणि बाहेर आल्यावर जेवतो. पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत घोटाळा झाला तो यातली एकच गोष्ट हातात धरून उत्तर द्यायच्या घाईमुळे.

लाव्हाझिएला हे काम पुरं करता आलं नाही. ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. सेगँ वाचला, आणि लवकर चामडं कमावण्याची पद्धत काढून, क्रांतीच्या सैन्याला बुटांचं चामडं पुरवून गब्बर झाला.

एकोणिसाव्या शतकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम प्रस्थापित झाला, आणि जिवंत शरीरही त्याला अपवाद नाही हे दाखवण्याचं काम जर्मनीत माक्स रुबनरनं कुत्र्यावर व अमेरिकेत विल्बर ॲटवॉटरनं माणसावर केलं. कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी वेस्लियन विद्यापीठात ॲटवॉटरनं १८९० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझाच्या मदतीनं एक खोलीच बांधली. माणूस आत दिवसचे दिवस राहायचा, झोपायचा, जेवायचा, एका जागी बसवलेली सायकल चालवायचा. खोलीच्या भिंतींतून खेळवलेल्या पाण्यानं शोषलेली उष्णता मोजली जायची. खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांत एक टक्क्याचाही फरक राहिला नाही. अन्नाच्या पाकिटावर आज आपण जे आकडे वाचतो, त्यांचा पाया या खोलीत घातला गेला.

नियम पक्का झाला. लोकांपर्यंत मात्र तो वहीतल्या जमाखर्चाच्या रूपात पोचला. १९१८ साली कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांचं आहारावरचं एक छोटं पुस्तक निघालं आणि अफाट खपलं. पावाचा तुकडा खाल्ला असं म्हणूच नका, शंभर कॅलरी पाव खाल्ला म्हणा, असा त्यांचा सांगावा होता. जमेचे तक्ते आले तसे खर्चाचेही आले. चालणं तासाला इतकं, लाकडं फोडणं इतकं, पोहणं इतकं. या तक्त्यांत पोहण्याचा आकडा भरभक्कम असतो. तो आला कुठून?

होडीमागचा माणूस

जमिनीवर काम करणाऱ्याचा श्वास मोजणं त्यामानानं सोपं. पाण्यात तोंड बुडवणाऱ्याचा श्वास गोळा कसा करायचा? १९११ मध्ये इंग्लंडमध्ये डग्लस यांनी श्वास साठवण्याची मोठी पिशवी तयार केली आणि अडचण थोडी सुटली. स्वीडनमध्ये योरान लिलिएस्ट्रांड आणि स्टेन्स्ट्रम यांनी पोहणाऱ्यांचा श्वास अशा पिशवीत गोळा केला, त्यांना होडीमागे दोरीनं ओढून पाण्याचा विरोध किती होतो तेही मोजलं, आणि १९१९-२० मध्ये पोहण्याच्या शरीरशास्त्रावर एक लांबलचक निबंध छापला. (हेच लिलिएस्ट्रांड पुढे कित्येक वर्षं वैद्यकशास्त्राच्या नोबेल समितीचे सचिव होते.) १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोममध्ये याहून सोयीचं साधन बांधण्यात आलं. तिथे पाणी वाहतं आणि माणूस जागच्या जागी पोहत राहतो, पायांखाली सरकणाऱ्या पट्ट्यावर धावावं तसं.

या मोजमापांतून काय दिसलं? एक म्हणजे पोहणं हा फार उधळा उद्योग आहे. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा शंभरातला पाच-दहा भागच शरीर पुढे सरकवण्यासाठी उपयोगी पडतो, बाकीची उष्णता होते किंवा पाणी ढवळण्यात जाते. तेवढंच अंतर धावायला लागते त्याच्या साधारण चौपट ऊर्जा पोहायला लागते. शिवाय वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध सुमारे चौपट आणि त्यामुळे दर सेकंदाला लागणारी ऊर्जा आठपट होते. म्हणजे सावकाश तरंगत जाणारे काका आणि शर्यतीचा सराव करणारी मुलगी, दोघंही 'अर्धा तास पोहलो' म्हणतील, पण त्यांच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. तक्त्यातला एकुलता एक आकडा इथेच लंगडा पडतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चालताना जाड माणूस आपली चरबी वाहून नेतो. जितकं वजन जास्त तितका खर्च जास्त. पाण्यात तसं नाही. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, ती तरंगायला मदतच करते. अमेरिकेत बफेलो इथे पेंडरगास्ट आणि दी प्राम्पेरो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, की तेवढंच अंतर पोहायला स्त्रियांना पुरुषांपेक्षा बरीच कमी ऊर्जा लागते. पुरुषांचे पाय खाली बुडतात, शरीर तिरकं होतं आणि पाण्याला अडतं. स्त्रियांचं शरीर आडवं राहतं. थोडक्यात, जी चरबी जमिनीवर ओझं आहे ती पाण्यात नौका आहे. गुडघे दुखणाऱ्या स्थूल माणसाला पोहणं जमतं ते याचमुळे, आणि त्याच्या पोहण्याचा खर्च त्याला वाटतो तितका नसतो तोही याचमुळे.

खाडीतले पहिलवान

आता दुसऱ्या उत्तराकडे, म्हणजे 'शरीर चरबी धरून ठेवतं' या समजाकडे वळू. त्याचं मूळ इंग्लिश खाडीच्या थंड पाण्यात आहे. २४-२५ ऑगस्ट १८७५ ला कॅप्टन मॅथ्यू वेब या इंग्रज खलाशानं अंगाला तेल चोपडून ती खाडी सुमारे पावणेबावीस तासांत पोहून पार केली. उन्हाळ्यातही तिथलं पाणी १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. बोटीवरून पडलेले खलाशी अशा पाण्यात काही तासांत मरत. वेब जगला कसा?

याचं उत्तर शोधायला ऐंशी वर्षं गेली. पाणी हवेच्या पंचवीसपट चांगलं उष्णतावाहक आहे, आणि तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाण्यात सुमारे साडेतीन हजारपट उष्णता मावते. उघड्या माणसाला अशा पाण्यात उष्णता सांभाळायची तर कातडीखाली काहीतरी अस्तर हवं. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू आणि त्यांचे सहकारी ऑटो एडहोम यांनी खाडी पोहणाऱ्यांचा अभ्यास १९५५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापला. त्यांचा मुख्य 'विषय' होता ग्रीसचा जेसन झिरगानोस, खाडीचा नामांकित जलतरणपटू आणि अंगानं भरपूर गुबगुबीत. तुलनेसाठी सडपातळ प्यू स्वतःच तयार झाले. सुमारे १६ अंशांच्या पाण्यात दोघांनी काळ काढला. झिरगानोस निवांत होता, त्याच्या शरीराच्या आतलं तापमान फारसं हललं नाही. प्यूंचं झपाट्यानं उतरलं. आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, हातपाय मारून पोहायला लागल्यावर प्यू आणखी लवकर गार पडले! श्रमानं उष्णता तयार होत होती, पण हलत्या स्नायूंत रक्त वाढलं, शरीराभोवतीचं पाणी ढवळलं गेलं, आणि पातळ अस्तरातून उष्णता मिळवण्यापेक्षा गमावणंच जास्त झालं.

प्रयोग सुंदर आहे, निष्कर्षही बरोबर आहे. थंड पाण्यात चरबी तारते. पण या वाक्याचं रूपांतर कधी तरी 'थंड पाण्यामुळे चरबी चढते' असं झालं. ही दोन वाक्यं एक नाहीत. खाडीच्या शर्यतीत टिकणारे गुबगुबीत असतात याचं कारण सडपातळ लोक अर्ध्यातून होडीत ओढून घेतले जातात. उंच मुलांनाच बास्केटबॉलच्या संघात घ्यायचं आणि मग बास्केटबॉलनं उंची वाढते म्हणायचं, असा हा प्रकार झाला. (आपली मुलं हा तर्क अगदी पटकन पकडतात, वर्गात विचारून पाहा.) झिरगानोसचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९५९ मध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली याहून थंड सामुद्रधुनी पोहण्याच्या प्रयत्नात त्याचा मृत्यू झाला. अस्तरालाही मर्यादा असते.

चरबी किती हे मोजण्याची खात्रीची रीतही पाण्यातूनच मिळाली, आणि तिचं श्रेय आर्किमिडीजला आहे. अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ मध्ये माणसाला आधी हवेत, मग पूर्ण श्वास सोडून पाण्याखाली तोलून त्याची घनता काढली. चरबीची घनता सुमारे ०.९, बाकी शरीराची सुमारे १.१. मग मिश्रणाच्या घनतेवरून प्रमाण काढायचं, शाळेत दुधातलं पाणी काढतो तसं. १९६१ मध्ये सिरी यांनी त्याचं सोपं सूत्र दिलं: ४९५ ला घनतेनं भागा आणि ४५० वजा करा, की चरबीची टक्केवारी मिळते. घनता १.०५ असेल तर सुमारे २१ टक्के, १.०७ असेल तर सुमारे १३. बेन्के यांनी अमेरिकी फुटबॉलचे २५ धंदेवाईक खेळाडू या पद्धतीनं तोलले. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यांतले १७ जण जादा वजनामुळे सैन्यभरतीला नालायक ठरत होते. प्रत्यक्षात त्यांच्या अंगावर चरबी अगदी कमी होती, वजन होतं ते स्नायूंचं. पोहायला लागलेल्या मुलाचं वजन महिन्याभरात तसूभरही हललं नाही म्हणून निराश होणाऱ्या पालकांना ही गोष्ट जरूर सांगावी.

आता ज्या अभ्यासानं 'पोहून वजन उतरत नाही' हे वाक्य जगभर गाजवलं, तो पाहू. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातले डॉक्टर ग्रँट ग्विनप यांनी स्थूल स्त्रियांचे तीन गट केले. एक गट रोज चालायचा, दुसरा एका जागी बसवलेली सायकल चालवायचा, तिसरा पोहायचा. वेळ हळूहळू वाढवत तासापर्यंत नेला. खाण्यावर कोणतंही बंधन नव्हतं. सहा महिन्यांनी चालणाऱ्यांचं वजन १० टक्क्यांनी उतरलं होतं, सायकलवाल्यांचं १२ टक्क्यांनी. पोहणाऱ्यांचं अजिबात नाही.

हा निकाल अनेकांना धक्का देऊन गेला. स्पष्टीकरणासाठी सील आणि देवमासे पुढे आले, झिरगानोसही आला. शरीराला थंडी कळते आणि ते चरबीचा कोट जपतं, अशी कथा तयार झाली. आमच्या मते या कथेत विज्ञानापेक्षा उपमा जास्त होती. जर तासभर श्रम झाले आणि चरबी घटली नाही, तर ॲटवॉटरच्या खोलीच्या नियमाप्रमाणे ती ऊर्जा कुठून तरी आलीच पाहिजे. शरीर चरबी नुसती 'धरून ठेवू' शकत नाही. त्याला कमी खर्च करावा लागेल किंवा जास्त मिळवावं लागेल. बंधन नसलेल्या ताटाकडे मात्र या गोष्टीत फारसं कुणी पाहिलं नाही.

आणि खरं सांगायचं तर कथेचं उत्तर वीस वर्षं आधी छापूनही झालं होतं.

कोरियातल्या बायका

कोरियात समुद्रात बुड्या मारून शिंपले, शेवाळ काढणाऱ्या बायकांना हेन्यो म्हणतात. जपानात तोच व्यवसाय करणाऱ्यांना आमा. १९६० च्या दशकात सुक-की हाँग, हरमान रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांचा बारकाईनं अभ्यास केला. त्या वेळी त्या साध्या सुती कपड्यात, हिवाळ्यातसुद्धा, सुमारे १० अंशांच्या पाण्यात उतरत. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या आसपास आलं की बाहेर येऊन शेकोटीशी बसत, आणि पुन्हा पाण्यात. थंड पाण्यानं माणसाला चरबी चढते हे खरं असेल, तर ते या बायकांमध्ये दिसायला हवं होतं. पिढ्यान् पिढ्यांचा हा व्यवसाय. यांच्यापुढे कॅलिफोर्नियाचा तलाव म्हणजे न्हाणीघरच.

निघालं ते उलटंच. हेन्योंच्या कातडीखालची चरबी त्याच गावांतल्या बुडी न मारणाऱ्या बायकांपेक्षा पातळ होती. त्यांचं अस्तर विरत होतं, आणि ती तूट त्या दुसऱ्या मार्गानं भरून काढत होत्या. हिवाळ्यात त्यांचा स्वस्थ बसल्या वेळचा ऊर्जाखर्च इतर बायकांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढत असे. हा खर्च भरायला त्या रोज सुमारे ३००० किलोकॅलरी खात, त्याच गावातल्या इतर बायका सुमारे २०००. म्हणजे दररोज आणखी निम्मं जेवण, तरी अंगावर चरबी नाही. १९६७ च्या मे महिन्यात 'सायंटिफिक अमेरिकन' मध्ये हाँग आणि रान यांनी ही हकीगत सर्वांना कळेल अशी लिहिली.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस हेन्यो रबरी पोशाख घालू लागल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी पुन्हा मोजलं तेव्हा हिवाळ्यातला तो वाढीव खर्च नाहीसा झाला होता. शरीरानं जे कमावलं होतं ते गरज संपताच सोडून दिलं.

लाव्हाझिएच्या तीन गोष्टी इथे एका माणसात दिसतात. श्रम वाढले, थंडीचा खर्च वाढला, आणि जेवणही वाढलं. तिसऱ्याकडे लक्ष दिलं नाही तर पहिल्या दोहोंचा हिशेब काहीच सांगत नाही.

हे जेवणाचं प्रकरण प्रयोगशाळेत नेमकं पकडलं गेलं ते २००५ मध्ये. फ्लोरिडातल्या संशोधकांनी ११ पुरुषांना पाण्यात बुडवलेली सायकल ४५ मिनिटं चालवायला लावली. एकदा ३३ अंशांच्या कोमट पाण्यात, एकदा २० अंशांच्या थंड पाण्यात, आणि एकदा नुसतंच बसवून ठेवलं. दोन्ही पाण्यांत खर्च जवळजवळ सारखा, ५०० किलोकॅलरींच्या वर थोडासा. नंतर हवं तेवढं खा म्हणून समोर अन्न ठेवलं. नुसतं बसल्यावर त्यांनी सरासरी ६१८ किलोकॅलरी खाल्लं, कोमट पाण्यानंतर ६०८, थंड पाण्यानंतर ८७७. विहिरीतून वर आलेल्या पोराला दोन भाकऱ्या जास्त लागतात हे आपल्या आज्यांना माहीत होतं. त्याचा आकडा असा निघाला. नीट पाहिलं तर त्यात दोन बातम्या आहेत. कोमट पाण्यातल्या श्रमानंतर भूक मुळीच वाढली नाही. आणि थंड पाण्यानं घालवलेल्यातलं निम्मं एकाच जेवणात परत आणलं, पण सगळं नाही. (हे पोहणं नव्हतं, पाण्यातली सायकल होती, एवढं ध्यानात ठेवावं.)

मग ग्विनप यांच्या निकालाचं काय? तो खोटा मानायचं कारण नाही, पण तो एका गटाचा, एका ठिकाणचा निकाल होता. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे ५० ते ७० वयाच्या, एरवी व्यायाम न करणाऱ्या ११६ स्त्रियांवर असाच मोठा प्रयोग झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना आठवड्यातून तीनदा पोहायला लावलं, काहींना चालायला. वर्षभरानं पोहणाऱ्यांचं वजन चालणाऱ्यांपेक्षा सरासरी १.१ किलोनं अधिक उतरलेलं होतं. फरक छोटा आहे, पण ग्विनप यांच्या बरोबर उलट दिशेचा. देवमाशाची उपमा इथे मोडते. 'पोहण्यासारखा व्यायाम नाही' ही जाहिरातही तगत नाही, कारण वर्षभराच्या कष्टानंतरचा हा फरक एका किलोच्या घरातला आहे.

पालक विचारायला आले तर त्यांच्यासमोर एक साधा हिशेब मांडता येईल. ६० किलोचा माणूस स्वस्थ बसून तासाला सुमारे ६० किलोकॅलरी खर्च करतो. सावकाश पोहणं म्हणजे त्याच्या सुमारे सहापट. अर्ध्या तासात १८०, त्यातून बसून राहिला असता तरी झालाच असता तो ३० वजा केला की १५० उरले. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी. म्हणजे रोज न चुकता अर्धा तास, सात आठवडे, तेव्हा एक किलो. तेही तलावाबाहेरच्या गाडीवर वडापाव आणि गोड चहा घेतला नाही तर. तिथे १५० पेक्षा जास्तच परत येतात. शिवाय उन्हाळी वर्गातल्या अर्ध्या तासात मूल खरोखर किती वेळ पोहतं आणि किती वेळ कठड्याला धरून कुडकुडतं, हेही घड्याळ लावून पाहण्यासारखं आहे.

स्थूल मुलाला तलावावरून परत आणायला मात्र यातलं काहीच पुरेसं कारण नाही. मैदानावर जे मूल शेवटी पोचतं, धापा टाकतं, ज्याचं हसं होतं, त्याला पाणी उचलून धरतं. त्याच्या सांध्यांवर भार येत नाही, दम वाढतो, आणि विहिरी-नद्यांच्या आपल्या मुलखात पोहता येणं हे एरवीही जिवाशी गाठ असलेलं कौशल्य आहे. 'सहा महिने झाले, काट्यावर काही दिसत नाही' म्हणून जेव्हा ते बंद होतं, तेव्हा ग्विनप यांच्या तक्त्यातली एक ओळ भलत्याच ठिकाणी वापरली गेलेली असते. वजन उतरवायचं तर ताटाचा विचार वेगळा करायला हवा, आणि तो घरातल्या सगळ्यांनी मिळून.

वर्गात यातलं काय करून दाखवता येईल? अस्तराचा प्रयोग सोपा आहे. प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकीत एक घालून मधे बोटभर वनस्पती तुपाचा थर भरावा. दुसऱ्या जोडीत काहीच भरू नये. दोन्ही पिशव्यांत हात घालून बर्फ टाकलेल्या बादलीत बुडवावेत. झिरगानोस आणि प्यू यांतला फरक अर्ध्या मिनिटात कळतो. दुसरा प्रयोग असा: सारख्या दोन पेल्यांत सारखंच गरम पाणी घेऊन एक हवेत ठेवावा, दुसरा खोलीच्याच तापमानाच्या पाण्याच्या बादलीत कडेपर्यंत बुडवून धरावा, आणि दर दोन मिनिटांनी दोन्हींचं तापमान लिहून आलेख काढावा. गावात पोहण्याची विहीर असेल तर दोरीला थर्मामीटर बांधून मोठ्यांच्या देखरेखीखाली महिन्यातून एकदा वर्षभर नोंद ठेवावी. खोल विहिरीचं पाणी वर्षाच्या सरासरी हवेच्या तापमानाजवळ राहतं, म्हणून ते पौषात कोमट आणि वैशाखात गार लागतं. पोहून आल्यावर भूक कोणत्या महिन्यात जास्त लागते, हा रकाना त्या नोंदवहीत मुलांनी आपणहून आखला तर उत्तमच.